सरांना बॉल दिल्याबद्दल

आमच्या हॉकीच्या सरांनी उभ्या आयुष्यात कुणाला पास दिला असेल, असं मला वाटत नाही. एवढं एक वाक्य सांगून थांबले तरी ज्यांनी त्यांना पाहिलंय ते मान डोलावतील. पण ज्यांनी पाहिलं नाही त्यांना तो माणूस कळायचा नाही, आणि आमच्या सोमीनं त्यांना लिहून दिलेला माफीनामाही कळायचा नाही. म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी तेव्हा कर्जतच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. कडाववरून शेअर रिक्षाने यायचे. घरी म्हशी होत्या. सकाळचं दूध डेअरीला घातल्याशिवाय वडील सोडायचे नाहीत, त्यामुळे पहिला तास कायम बुडालेला. मुलींच्या हॉकी टीमची मी गोलकीपर. टीम म्हणजे काय, तर कबड्डीत ज्यांची निवड झाली नाही अशा अकरा जणी, वर दोन राखीव. मैदान कॉलेजच्या मागं, मुरमाचं. आधी शेळ्या हाकलायच्या, मग ओढणीत खडे वेचायचे, मग फक्कीनं रेषा मारायच्या, आणि एवढं करून वेळ उरला तर खेळायचं. पीटीचे म्हातारे मास्तर शिट्टी वाजवायचे आणि कुणाचा गुडघा फुटला तर हळद लावायचे. इतकंच आमचं प्रशिक्षण.

अशात बातमी आली की कॉलेजला नवा कोच मिळतोय. साधा नव्हे, याच कॉलेजात शिकून पुढं मोठा झालेला खेळाडू. एका कंपनीच्या टीममध्ये बारा-चौदा वर्षं खेळलेला, आणि खेळाडूंचा लिलाव होऊन टीमा बनतात ना, तसल्या लीगमध्येही दोन हंगाम. आता निवृत्त होऊन आपल्या मातीत परत येतोय, असं प्राचार्य मॅडमनी भिंतीवरच्या फळ्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं होतं.

मातीत परत आले ते एप्रिल महिन्यात, ब्लेझर घालून. कर्जतच्या एप्रिलमध्ये माणूस बनियनवरही बसायला राजी नसतो. फाटकापासून स्टेजपर्यंत लेझीम, पुढं हार, आणि मग सरांचं भाषण. सव्वा तास. त्यात त्यांनी आपल्या सात गोलांचं वर्णन केलं. प्रत्येक गोलाला नाव होतं: 'लखनौवाला', 'पावसातला', 'आजारपणातला'. आम्ही तेरा जणी युनिफॉर्म घालून उन्हात उभ्या. पाचव्या गोलाला आमची एक हाफबॅक चक्कर येऊन पडली. सर माइकवर म्हणाले, "इमोशनल झाली बिचारी. होतं असं."

"लीगमध्ये माझी बोली लागली होती," हेही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं, आणि पुढं रोज सांगितलं. माझ्या शेजारी उभी असलेली सोमी हळूच म्हणाली, "आमच्याकडं बैलाची लागते."

ही सोमी म्हणजे आमची फॉरवर्ड. पळसदरीच्या धरणावरच्या ठाकूरवाडीतली. वाडीवरून चालत उतरायची, एक स्टेशन गाडीनं यायची, आणि मैदानावर सगळ्यांच्या आधी हजर. तिचं सगळं ठरलेलं होतं. पोलीस भरतीत जायचं. विद्यापीठाच्या पातळीवर खेळल्याचं प्रमाणपत्र मिळालं तर खेळाडूंच्या राखीव जागेतून अर्ज करता येतो, ही माहिती तिनं कुठूनतरी काढली होती. भरतीचं पुस्तकही आणून ठेवलं होतं. आमच्यापैकी बाकीच्या हजेरी मिळते म्हणून खेळायच्या, सोमी नोकरीसाठी खेळायची. हे तिनं कधी लपवलं नाही.

सरांनी पहिल्याच दिवशी तिची स्टिक धरायची पद्धत बघितली आणि म्हणाले, "अनपढ ग्रिप है."

मैदानावर सर मध्येच हिंदीत शिरत. म्हणजे त्यांचं गाव खालापूरजवळचं, आई-वडील भातशेती करणारे, शाळा मराठी. पण मोठमोठ्या शिबिरांतून उत्तरेकडच्या खेळाडूंसोबत राहून आल्यापासून नुसत्या मराठीत हॉकी शिकवता येत नाही असं त्यांचं ठाम मत झालं होतं. "ओए, फोकस करो," "ओए, देखो मेरेको." राग आला, की मात्र सगळी शिबिरं गळून पडत आणि आतून खालापूर बाहेर येई. "ए भवाने, डोळं फुटलं का तुझं?" हे वाक्य ते अस्सल मराठीत, अगदी सुरेख म्हणत.

पहिल्या सरावाला त्यांनी आमचे दोन भाग केले आणि स्वतः एका बाजूचे सेंटर फॉरवर्ड झाले. "आज मी मॉडेल दाखवतो. बघा आणि शिका." आम्हाला वाटलं, एक दिवस दाखवतील. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. जून गेला, जुलै गेला, सर आपले मॉडेल दाखवतायत. बेचाळीस वर्षांचा गडी एकोणीस-वीस वर्षांच्या पोरींमध्ये धावतोय आणि ओरडतोय, "मला! मला! बॉल इकडं!" कुणी दुसरीकडं पास दिला की शिट्टी. कुणी स्वतः गोल मारायचा प्रयत्न केला, की दोन फेऱ्या. सगळ्या टीमला एकच काम होतं: बॉल कुठूनही मिळवायचा, डीपर्यंत, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळापर्यंत न्यायचा, मान वर करून सर कुठं आहेत ते बघायचं आणि त्यांना द्यायचा. मग सर तो माझ्यावर मारायचे. गोल झाला की दोन्ही हात वर करून कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत धावत जायचे. बघायला कोण, तर शेळ्या.

त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. त्या गुडघ्याबद्दल ते एखाद्या वडीलधाऱ्या नातेवाइकासारखं बोलत. "गुडघा आज नको म्हणतोय." "गुडघ्याला विचारून सांगतो." आम्हाला पळायच्या फेऱ्या असल्या की गुडघा हमखास नको म्हणायचा. गोल मारायची वेळ आली, की त्याची तब्येत सुधारायची.

एक गोष्ट मात्र कबूल करते. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी मैदानाचा चिखल झाला होता, बॉल जागचा हलेना. आम्ही सगळ्या थांबलो. सर पुढं झाले, कुणाला काही न बोलता बॉल स्टिकच्या टोकावर उचलून घेतला, जमिनीला लागूच दिला नाही, आणि चिखलावरून, आमच्या पाच जणींमधून, टुकटुक करत नेला. शेवटी उलट्या हातानं असा काही मारला, की मी हलायच्या आत जाळीत. त्या वेळी त्यांनी हातसुद्धा वर केले नाहीत. आम्ही आ वासून उभ्या. सोमीच आधी सावध झाली. "सर, कसं केलंत? दाखवा ना. एकदा."

सरांनी तिच्याकडं पाहिलं. "हे दाखवता येत नाही," म्हणाले, "हे असावं लागतं." आणि बूट पुसायला निघून गेले.

त्यांना काही येतच नसतं तर मी त्यांना कधीच विसरून गेले असते. त्यांना येत होतं, आणि द्यायचं नव्हतं. चीड त्याची येते.

कॅन्टीनमध्ये मात्र ते भरभरून शिकवत. टेबलावर साखरेचे डबे, मिठाची बाटली, पाण्याचे ग्लास मांडून पेनल्टी कॉर्नर समजावत. स्वतः म्हणजे चहाचा कप, कायम मध्यभागी. गोलकीपर म्हणजे बटाटेवडा. गोल झाला, की सर तो वडा खाऊन टाकत. मी समोर बसलेली असे. कॅन्टीनवाले काका एकदा म्हणाले, "सर, किपरचे पैसं कोन देनार?" तर सर म्हणाले, "टीम." आणि टीमनं दिले.

डिसेंबरात विभागाची फायनल आली, पनवेलच्या पुढं एका कॉलेजच्या मैदानावर. त्याआधीच्या दोन मॅचेस आम्ही कशा जिंकलो विचाराल, तर एकीत समोरची टीम पुरी आली नव्हती, आणि दुसरीत त्यांच्याच डिफेंडरच्या पायाला लागून दोन गोल झाले. आमच्यातल्या एकीनंही गोल मारलेला नव्हता. पण फायनलला पोचलो खऱ्या. जिंकणारी टीम विद्यापीठ स्पर्धेला जाणार होती. सोमी त्या दिवशी येताना नुसती टेंपोच्या फळीवर स्टिकनं ताल धरून बसली होती.

आम्ही एक गोल खाल्ला. चूक माझी होती, ती मी नाकारत नाही. मग शेवटचं मिनिट उरलं असताना सोमीनं मधल्या रेषेवर बॉल हिसकावला आणि सुटली. एक चुकवली, दुसरी चुकवली. डीत शिरली. समोरची गोलकीपर पुढं धावून आली, घसरली, आडवी झाली. गोल सताड उघडा. सोमी आणि जाळी यांच्यामध्ये कुणी नाही. नुसता ढकलायचा होता.

तेव्हा सर कुठं होते? बाकावर असायला हवे होते. पण ते खेळ बघता बघता बाजूच्या रेषेनं सरकत सरकत पार टोकाला गेले होते आणि गोलच्या बाजूला, मागच्या रेषेबाहेर, स्वतःची स्टिक हातात घेऊन उभे होते. आणि ओरडले, "सोमी! मला! मला!"

सहा महिने रोज तेच ऐकलं होतं तिनं. हात तिचे, सवय त्यांची. तिनं मान वर केली, सर दिसले, आणि तिनं बॉल सरांना दिला. सुंदर पास होता. सरांनी तो तितकाच सुंदर थांबवला, आणि वळून हाणला. जाळीच्या बाहेरच्या बाजूला लागला. त्यांचे दोन्ही हात खांद्यापर्यंत वर गेले आणि तिथंच राहिले. अंपायरनं शिट्टी मारली. क्षणभर कुणाला काही कळेना, मग समोरच्या टीमच्या बाकावरून जे हसू फुटलं ते सगळ्या मैदानभर पसरलं. आमचे शिट्टीवाले मास्तर तेवढे खाली मान घालून उभे राहिले.

मॅच संपली. सोमी डीतच बसून होती. सर तिच्यापाशी गेले. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. ते बोलले, अस्सल मराठीत. "तुला अक्कल हाय का गं? मी भाईर हाय, दिसत नाय?"

गोष्ट इथं संपली असती तर मी तिला विनोद म्हणून सांगितली असती. पण चार दिवसांनी सर प्राचार्य मॅडमकडं गेले आणि लेखी तक्रार दिली, की सदर विद्यार्थिनीनं कोचची बदनामी करण्यासाठी मुद्दाम बॉल बाहेर मारला. तिला टीममधून काढावं. मॅडमनी आम्हाला एकेकीला बोलावलं. मला विचारलं, "तू काय पाहिलंस?"

मी पाहिलं होतं. ऐकलंही होतं, दुसऱ्या टोकाला असले तरी सरांचा आवाज पनवेल स्टेशनापर्यंत जाईल असा. पण पुढच्या वर्षी टीममध्ये राहायचं होतं आणि सर दाराबाहेरच्या खुर्चीवर बसले होते. मी म्हणाले, "मॅडम, मी आमच्या गोलमध्ये होते. लांब होतं, नीट दिसलं नाही." बाकीच्यांनाही दिसलं नव्हतं. सोमी सोडून आम्ही बारा जणी, आणि एकीलाही दिसलं नाही. सरांची लायकी काढायला बसलेय, तेव्हा स्वतःची झाकून कशी चालेल?

सोमीला सांगण्यात आलं, माफीनामा लिहून दे, नाहीतर टीममधून बाहेर. ती ऑफिसच्या पायरीवर बसली. मी शेजारी जाऊन बसले. माझ्याकडं न बघता म्हणाली, "पेन दे."

"सोमी, मी..."

"पेन दे गं."

तिनं अर्ध्या पानावर लिहिलं. मला अजून पाठ आहे. 'मी फायनल मॅचमध्ये सरांना बॉल दिला. सरांना बॉल दिल्याबद्दल मी माफी मागते. यापुढे मी सरांना बॉल देणार नाही.' खाली सही.

सरांनी तो आम्हा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. आमच्यातल्या दोघींनी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. सरांना त्यातला 'माफी' एवढाच शब्द ऐकू आला असावा. घडी घालून म्हणाले, "गुड. डिसिप्लिन पाहिजे," आणि तो कागद स्वतः नेऊन फाइलला लावला.

दुसऱ्या दिवशी सराव. सर नेहमीप्रमाणे सेंटर फॉरवर्ड. सोमीकडं बॉल आला. "मला! मला!" सोमीनं उजवीकडच्या मुलीला दिला. शिट्टी. पुन्हा सुरू. पुन्हा सोमीनं डावीकडं दिला. सर थांबले. "ओए! ऑफिसमध्ये लिहून दिलंयस ना?"

"म्हणून तर, सर," सोमी म्हणाली. "लिवलंय तसंच करते."

मग ज्यांना फायनलला काही दिसलं नव्हतं त्या आम्हा सगळ्यांनाच एकदम दिसायला लागलं. डावी विंग सोमीला, सोमी मधलीला, मधली उजव्या विंगला. बॉल सरांच्या भोवतीनं फिरत राहिला. सर या बाजूनं त्या बाजूला, "मला, मला" करत, आणि कुणी उलट बोलत नाही, कुणी हसत नाही, फक्त बॉल तेवढा देत नाही. मी मारलेली किकसुद्धा त्यांच्या डोक्यावरून घालवली. माझी माफी म्हणायची तर तेवढीच. शेवटी गुडघा नको म्हणाला आणि सर बाहेर गेले.

त्यांनी आठवडाभर दम धरला आणि मग पुन्हा तक्रार केली. शिपाईमामा तेव्हा तिथं चहा देत होते, त्यांनी आम्हाला सांगितलं. मॅडमनी फाइल मागवली, माफीनामा नीट वाचला, कदाचित पहिल्यांदाच. मग म्हणाल्या, "सर, तुम्हीच फाइलला लावलाय. मुली त्याप्रमाणेच वागतायत की."

त्यानंतर सर झाडाखाली खुर्ची टाकून मोबाइलवर आपले जुने गोल बघत बसत. मास्तर पुन्हा शिट्टी घेऊन आले. त्यांना हॉकी फारशी येत नव्हती, पण ते आम्हाला खेळू देत. आणि आम्हाला शोध लागला की डीत शिरल्यावर मान वर करून कुणाला शोधायचं नसतं. ही साधी गोष्ट अंगातून जायला चार महिने गेले. पहिल्यांदा सोमीनं सरावात स्वतः गोल मारला तेव्हा तीच दचकली.

पुढच्या वर्षी आम्ही विभागाची फायनल दोन-एकनं जिंकलो. दोन्ही गोल सोमीचे. शेवटची शिट्टी झाल्यावर मैदानात सगळ्यात आधी कोण धावलं असेल? ब्लेझरसकट. फोटोत ते मधोमध आहेत, चषक त्यांच्या हातात आहे, सोमीचा अर्धा चेहरा त्यांच्या कोपरामागं आहे. स्थानिक पेपरात बातमी आली, 'माजी खेळाडूच्या मार्गदर्शनाखाली मुलींचे यश'. त्यात सोमीचं नाव 'सीमा' छापलं होतं. ते कात्रण सरांनी लॅमिनेट करून घेतलं. सोमी विद्यापीठाकडून खेळली, प्रमाणपत्र मिळालं, दुसऱ्या प्रयत्नात भरती झाली. आज ती पोलिसात आहे आणि 'सीमा' म्हटलं की अजून भडकते.

सर त्याच वर्षी आमचं कॉलेज सोडून हायवेजवळच्या एका श्रीमंत शाळेत गेले. तिथं हिरवं कृत्रिम मैदान आहे म्हणे. निरोपाला ते रडले. खरं रडले. म्हणाले, "या पोरींना मी माझं सगळं दिलं." मास्तर माझ्या शेजारी होते. जन्मात कुणाला वाईट न बोललेला तो माणूस पुटपुटला, "काय दिलं रं बाबा?"

गुरूबद्दल कृतज्ञ असावं असं म्हणतात. मी प्रामाणिकपणे प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर ते मला दिसले. मी आता खालापूरला सरकारी ऑफिसात आहे, दाखल्यांच्या टेबलावर. रांगेत ते उभे. केस काळेभोर रंगवलेले, पोट सुटलेलं, आणि पुढच्या म्हाताऱ्याला लिलावाची गोष्ट सांगणं चालू. त्यांचा नंबर आला. अर्ज माझ्यापुढं सरकवला, वर पाहिलंसुद्धा नाही.

मी म्हणाले, "सर, ओळखलंत का? मी तुमच्या टीमची गोलकीपर."

त्यांनी मग पाहिलं. बराच वेळ निरखलं. "नाही बुवा," म्हणाले. "कसं आहे, मी गोलकीपरकडं कधी बघतच नसे. बघितलं की गोल होत नाही. मोकळी जागा बघायची." आणि मग, खूप वर्षांनी कुणीतरी ऐकणारं भेटल्यासारखे टेबलावर वाकले. "माझा एखादा तरी अडवलास का गं तू?"

"अडवले, सर," मी म्हणाले. "बरेच."

सरांनी खरंच विचार केला. कपाळाला आठ्या घालून, एकेक गोल आठवून पाहत असल्यासारखा. रांगेतला म्हाताराही वाट बघत होता.

"छे," ते म्हणाले. "तू नसतील अडवले. ते बाहेर गेले असतील."

मी त्यांच्या अर्जावर शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं.